कोऱ्या सुताचा पंचा हातमागावर: सूत निवडण्यापासून धुलाईपर्यंत

कोऱ्या सुतावर विणायला घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पंचा पहिल्या धुण्यातच वीतभर आखूड झाला. कापडावर आडवे पट्टे दिसतात. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तासात दहादा तुटतो. आणि प्रत्येकाचा संशय मागावर. माग बदलून काही होत नाही, कारण बिघाड सूत विकत घेताना किंवा ताणा काढताना झालेला असतो. रंगीत कापडात डिझाइनच्या गर्दीत चूक लपून जाते. कोऱ्या कापडात लपायला जागा नाही, एक सैल तार असली तरी ती लांबून दिसते.

म्हणून या लेखात प्रत्यक्ष विणण्यापेक्षा त्याच्या आधीच्या कामावर भर आहे. नमुना म्हणून तीन पंचे घेऊ: साधी वीण, न रंगवलेलं, ब्लीच न केलेलं सुती सूत, चार वह्यांचा साधा हातमाग (वही म्हणजे ताण्याच्या तारा वर-खाली करणारी चौकट). खड्ड्यातला माग असला तर सोलापूरच्या हवेत उत्तमच. कारण पुढे येईल.

टप्पा १: सूत निवडणं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या सुताच्या दुकानात "पांढरं सूत द्या" म्हणालात तर ब्लीच केलेलं मिळू शकतं. "कोरं सूत" असंच मागा. पहिल्यांदा विणत असाल तर २/२० घ्या, म्हणजे २० नंबरचं दोन पदरी. एकपदरी २० नंबर स्वस्त पडतं, पण त्याला नीट खळ (पिठाची पातळ पेज) द्यावी लागते आणि नवशिक्याचा ताणा तिथेच गळपटतो. दोन पदरी सुताला पिळाचाच आधार असतो, ते खळीशिवाय विणता येतं.

दुकानातच तीन तपासण्या करा.

पहिली नजरेची. खऱ्या कोऱ्या सुताचा रंग सायीसारखा पिवळसर असतो आणि त्यात सरकीच्या टरफलाचे बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ठिपके म्हणजे दोष नव्हे, त्यातले बरेचसे धुलाईत फिके होतात. सूत अगदी स्वच्छ, निळसर पांढरं असेल तर नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरा. झगझगीत निळं दिसलं तर त्यात चमक आणणारं रसायन आहे.

दुसरी जाळून. वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो. टोकाला कडक मणी तयार झाला तर पॉलिस्टरची भेसळ आहे. स्वस्त सुतात हे हमखास तपासा.

तिसरी लॉटची, आणि ही जवळजवळ कोणीच करत नाही. न रंगवलेल्या कापसाचा रंग पिकागणिक, गाठीगणिक बदलतो. दोन लॉटचे कोन (शंकूसारख्या नळीवर गुंडाळलेलं सूत) शेजारी ठेवले तर फरक कळत नाही, विणल्यावर मात्र पट्टा उमटतो. सगळे कोन एकाच लॉटचे घ्या, कोनाच्या आतली चिठ्ठी काढून नंबर जुळवा, आणि लागेल त्याहून थोडं जास्त घ्या. "कमी पडलं तर पुढच्या आठवड्यात आणू" हा हिशोब रंगीत सुताला चालेल, कोऱ्याला चालत नाही.

टप्पा २: कागदावरचा हिशोब

सूत हातात आल्यावर पट्टीवर एक इंच रुंदीत धागा शेजारी शेजारी गुंडाळा. दाबू नका, फट ठेवू नका. वेढे मोजा. साध्या विणीसाठी त्यांच्या निम्म्याहून थोड्या कमी तारा दर इंचाला ठेवायच्या. पंच्यासाठी २/२० सुताला मी इंचाला २८ तारा धरतो. ३२ केल्या तर कापड घट्ट होतं पण पाणी टिपायला आळशी; २४ ला धुतल्यावर धागे सरकतात.

फणी म्हणजे तारा ठरलेल्या अंतरावर धरणारी दातांची चौकट, आणि दोन दातांमधली फट म्हणजे घर. आपल्याकडे फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांतली घरं. २८ नंबरच्या फणीत इंचाला १४ घरं, घरात दोन तारा, म्हणजे २८. जुन्या फणीवरचा नंबर पुसला असेल तर दोन इंच मोजून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

आता आकडे. फणीत रुंदी २६ इंच, म्हणजे ७२८ तारा. काठ पक्का व्हावा म्हणून दोन्ही कडांच्या चार-चार घरांत दोनऐवजी चार तारा, म्हणजे आणखी १६. एकूण ७४४.

लांबी: तयार पंचा ५४ इंच हवा, त्यावर दुमडीसाठी दोन इंच. कोरं सुती कापड पहिल्या उकळीत लांबीला साधारण १० ते १२ टक्के आटतं, म्हणून थोडा वाव धरून मागावर ६५ इंच विणायचं. तीन पंचे म्हणजे १९५ इंच, जवळपास ५ मीटर. आडव्या धाग्यावरून-खालून जाताना ताणा थोडा खपतो, त्याला २५ सेंटिमीटर. मागाला बांधण्यात आणि शेवटी वाया जाणारा १ मीटर. ताणा सव्वासहा मीटरचा.

७४४ तारा गुणिले ६.२५ मीटर, म्हणजे ४,६५० मीटर. २/२० सूत ग्रॅमला साधारण १७ मीटर भरतं, तेव्हा ताण्याला २७५ ग्रॅम. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, इंचाला २६ पीक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) धरून, दोनशे ग्रॅमच्या थोडं वर. मिळून ४८० ग्रॅम. ६०० ग्रॅम घ्या.

*तपासा:* तीन पंच्यांचा ताणा लावण्याआधी त्याच सुताचा, त्याच फणीवर, वीतभर चौकोन विणून उकळून घ्या. वाळल्यावर मोजा. तुमच्या सुताची आट १२ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली तर वरचे आकडे बदला. हा चौकोन न विणणारेच पंचा आखूड झाला म्हणून येतात.

टप्पा ३: आधी धुवायचं की नंतर?

सूत मऊ व्हावं म्हणून विणण्याआधी सोड्यात उकळून काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कापसावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे कोरं सूत पाणी पीत नाही, पण तोच थर फणीच्या घासण्यातून ताण्याला वाचवतो. सोड्याने मेण निघालं की धागा केसाळ होतो, शेजारच्या धाग्याला चिकटतो आणि तुटतो.

ताण्याचं सूत कोरंच ठेवा. मेण काढायचं ते कापड झाल्यावर.

एकपदरी सूतच वापरायचं असेल तर लडी (सुताच्या सुट्या वेढ्यांची जुडी) साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, अधूनमधून हाताने दाबा, म्हणजे पाणी आत शिरेल. सूत कोनवर असेल तर त्याच्या लडी आधी करून घ्या. मग खळ. १ किलो सुताला साधारण १०० ग्रॅम मैदा, तीन लिटर पाणी, दोन चमचे खोबरेल. मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उरलेल्या उकळत्या पाण्यात सोडा, पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि फडक्यातून गाळा. कोमट असताना लडी बुडवा, पिळा, झटका, काठीवर ताणून सावलीत वाळवा. वाळत असताना दोन-तीनदा धागे सुटे करायचे, नाहीतर लडीचा चाबूक होतो. ज्वारीच्या पिठाची खळ करता येते, पण कोंडा गाळण्यात इतका वेळ जातो की मैदाच परवडला.

*सावधान:* पावसाळ्यात खळ दिलेलं सूत आठवडाभर पडून राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि कोऱ्या कापडावरून ते जात नाहीत. जेवढं लावायचं तेवढ्यालाच खळ द्या.

टप्पा ४: ताणा काढणं

खुंट्यांच्या चौकटीवर किंवा ड्रमवर, जे असेल त्यावर. दोन कोन जमिनीवर ठेवून दोन तारा एकदम काढा. बोट दोन्हींच्या मध्ये ठेवलं की पीळ बसत नाही. एका टोकाला एक आड एक धाग्यांची फुली पडलीच पाहिजे. ही फुली म्हणजे प्रत्येक तारेचा क्रम. ती सुटली तर ७४४ तारांचा गुंता उरतो, आणि मग तो सोडवण्यापेक्षा नवा ताणा काढलेला बरा.

ओढ एकसारखी हवी. सांगायला सोपं, करायला अवघड, कारण हात थकतो तसा धागा सैल पडतो किंवा घाईत घट्ट होतो. म्हणून एका माणसाने, एका बैठकीत, पंखा बंद करून ताणा पूर्ण करावा. अर्धा सकाळी आणि अर्धा रात्री काढलेल्या ताण्यात मधोमध सीमारेषा दिसते. घरात दोघं असाल तर दुसऱ्याने मोजणी सांभाळावी, धागा धरू नये.

दर २८ तारांनंतर जाड रंगीत दोऱ्याचा वेढा घाला. एक वेढा म्हणजे एक इंच. २६ वेढे झाले की ७२८. काठाच्या जादा १६ तारा वेगळ्या काढून बाजूला बांधा.

*तपासा:* खुंटीवरून उतरवण्याआधी फुलीच्या दोन्ही बाजू बांधल्या का? दर मीटरला ताणा आवळून बांधला का? दोन्ही झाल्याशिवाय एकही खुंटी सोडू नका.

बांधायला रंगीत दोरा वापराल तर त्याचा रंग जात नाही ना ते ओल्या फडक्यात चोळून आधी बघा. लाल दोऱ्याचा डाग ताण्याच्या ऐन मध्यावर पडलेला मी पाहिला आहे.

टप्पा ५: बीमवर चढवणं

दोन माणसं लागतात. एक बीम (ताणा गुंडाळायचा मागाचा रूळ) फिरवतो, दुसरा ताणा धरून मागे सरकतो. रुंद दातांच्या फणीतून ताणा २६ इंचांत पसरून घ्या आणि प्रत्येक फेऱ्याला जाड कागद किंवा पातळ बांबूच्या पट्ट्या घाला. कागद न घातल्यास वरचे धागे खालच्या थरात रुततात आणि विणताना काही तारा सैल, काही ताठ येतात.

तारा विस्कटलेल्या दिसल्या की कंगव्याने विंचरायचा मोह होतो. विंचरू नका. सैल धागे पुढे ढकलले जातात आणि सगळा झोल शेवटच्या पंच्यात गोळा होतो. ताणा हलकेच झटका, पुरे.

टप्पा ६: वहिफणी

वह्यांच्या डोळ्यांतून एक-दोन-तीन-चार या क्रमाने तारा ओढायच्या, मग फणीच्या घरात दोन-दोन. सोलापुरात यंत्रमागावर वहिफणी करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताचा वेग बघण्यासारखा असतो. ओळखीतला कोणी मिळाला तर योग्य मजुरी देऊन त्याच्या शेजारी बसा आणि बघा; हे काम वाचून फारसं येत नाही.

स्वतः करत असाल तर दर इंचाला थांबून २८ तारा तपासा आणि मग सैल गाठ मारा. इथे होणाऱ्या चुका तीन: एक घर रिकामं राहणं (कापडात उभी फट), एका घरात तीन तारा जाणं (उभी जाड रेघ), आणि वही व फणी यांच्या मध्ये दोन तारांची अदलाबदल. तिसरी चूक पावडी (वह्या हलवणारी पायाखालची पट्टी) दाबल्यावर दोन धागे एकमेकांत अडकले की कळते.

मागावर याच फणीचा, याच मोजणीचा जुना ताणा शिल्लक असेल तर हे सगळं वाचतं. जुन्या तारेला नवी तार सांधायची आणि ओढून घ्यायची. म्हणून शेवटचा पंचा कापताना ताणा वह्यांतून कधीच उपसू नका.

पुढच्या बाजूला इंचभर तारांच्या जुड्या करून काठीला बांधा. सगळ्या बांधून झाल्यावर पालथ्या तळव्याने ताण्यावरून हात फिरवा. डोळ्यांपेक्षा तळव्याला सैल जुडी लवकर सापडते.

*सावधान:* फणी लोखंडी असेल आणि ताणा दमट, तर एका रात्रीत गंजाची रेघ उमटते. फणी आधी कोरड्या फडक्याने आणि मग वाया गेलेल्या सुताने पुसून घ्या. तेल मुळीच लावू नका, त्याचा डाग गंजापेक्षा चिवट असतो.

टप्पा ७: विणणं

आधी हवा. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की सुती धागा ठिसूळ होतो. दमट धागा जास्त ताकदवान, हा सुताचा गुण आहे. खड्ड्यातल्या मागाला जमिनीची ओल मिळते, तिथे ताणा कमी तुटतो तो यामुळे. तुमचा माग जमिनीवर असेल तर पहाटेपासून दहापर्यंत विणा, खिडकीला ओलं पोतं लावा, मागाखाली पाण्याची घमेली ठेवा. ताण्यावर थेट पाणी शिंपडू नका. ठिपक्या-ठिपक्यांनी ओला झालेला धागा ठिपक्या-ठिपक्यांनीच ताणला जातो.

बाण्याच्या कांड्या (धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या) ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा. दमट बाणा हत्त्याच्या (फणी बसवलेल्या ठोकायच्या चौकटीच्या) ठोक्याला नीट बसतो.

पट्टे टाळायचा खात्रीचा उपाय: दोन वेगळ्या कोनांवरून कांड्या भरा आणि दोन धोट्यांनी आळीपाळीने दोन-दोन पीक टाका. कोनांच्या रंगात फरक असला तरी तो सगळ्या कापडात विरघळतो. वेग थोडा मंदावतो, आणि काठाला दोन धागे एकमेकांत अडकवून घ्यावे लागतात. कोन एकाच लॉटचे असल्याची खात्री असेल तर हे टाळता येतं, पण माझा कोनाच्या चिठ्ठीवर पूर्ण विश्वास नाही.

सुरुवातीला दोन इंच वाया सूत विणा, म्हणजे जुड्यांमधल्या फटी मिटतील. मग पावडी दाबा, धोटा टाका, धागा थोडा तिरका ठेवा, पावडी बदला, ठोका. तिरका ठेवायचा कारण आडव्या धाग्याला वर-खाली जायला जादा लांबी लागते. सरळ ताणून टाकलात तर कापड आत ओढलं जातं, कडेच्या तारा फणीवर घासतात आणि तुटतात. काठाच्या तारा वारंवार तुटण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. लोक मात्र काठाचं सूत बदलत बसतात.

*तपासा, दर चार इंचांना:* कापडाची रुंदी २५ इंचांच्या खाली गेली का? इंचात २६ पीक बसतात का? चार इंचांत २३-२४ वर घसरलात तर हात थकला आहे. उठा, पाणी प्या.

दर दोन-तीन इंचांना कापड गुंडाळून पुढे घ्या. उठून जाताना ताण्याची ओढ सैल करा. रात्रभर ताणलेला ताणा सकाळी लांबलेला असतो आणि पहिले काही पीक विरळ बसतात. सकाळच्या जागेवर आडवी रेघ येते ती हीच.

तार तुटली तर तिथेच थांबा. नवा धागा मागच्या बाजूने तुटक्या टोकाला बांधा, वहीच्या डोळ्यातून आणि तिच्याच घरातून आणा, कापडात टोचलेल्या टाचणीभोवती आठाच्या आकड्यासारखा गुंडाळा. गाठ कापडाच्या वाटेत येणार असेल तर ती फणीच्या मागेच सोडवून टोक मोकळं ठेवा आणि नंतर सुईने ओवून घ्या.

लोकर मिसळायची असेल तर

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या काळ्या-भुऱ्या लोकरीचे पट्टे कोऱ्या सुतात घालावेत, अशी कल्पना अनेकांना सुचते. दिसतं छान. पण उकळीत लोकर नमद्यासारखी घट्ट होते आणि सूत तेवढं आटत नाही, म्हणून पट्ट्याजवळ कापड चुण्या घेतं. शिवाय सोडा लोकरीला खातो, म्हणजे पुढचा धुलाईचा टप्पाच करता येत नाही. लोकरीचं वेगळं विणा. घोंगडीवाले तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, मैद्याची नाही. लोकरीला कोमट पाणी आणि सौम्य साबण, चोळणं नाही.

टप्पा ८: धुलाई

कापड मागावरून काढलं की लगेच धुवू नका. उजेडासमोर धरून सुटे पीक, लोंबते धागे सुईने दुरुस्त करा. पंचे कापा, कडा दुमडून शिवा. न शिवता उकळले तर टोकं उसवतात.

खळ दिली असेल तर आधी रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि ते पाणी ओतून द्या. झाडांना घातलं तरी चालतं.

मग स्टीलच्या मोठ्या पातेल्यात दहा लिटर पाणी, २० ग्रॅम धुण्याचा सोडा, चमचाभर साध्या साबणाचा चुरा. तिन्ही पंचे पूर्ण बुडतील असे ठेवा, तासभर मंद उकळवा, लाकडी काठीने फिरवत राहा. पाणी चहासारखं पिवळं-तपकिरी होतं; ते मेण आणि कचरा आहे, रंग गेला म्हणून घाबरू नका. पाण्याबाहेर राहिलेला कोपरा नंतर कायम वेगळा दिसतो, म्हणून पातेलं लहान असेल तर एकेक पंचा उकळा, पाणी आणि सोडा त्याच प्रमाणात.

*सावधान:* ॲल्युमिनियमचं पातेलं नको, सोडा त्याला खातो. लोखंडाचंही नको. कपड्याला "चमक" देणारी पावडर किंवा नीळ घातलीत तर कोऱ्या सुताचा रंग गेला. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा राखाडी साका कापडावर बसतो; नळाला पाणी येण्याच्या दिवशीच धुलाई ठेवा, कारण खळाळून धुवायलाही तीन-चार बादल्या लागतात.

सावलीत, झटकून, दोन्ही काठ हाताने ओढून सरळ करत वाळवा. उन्हात हळूहळू रंग उडतो. पांढरा पंचा हवा असेल तर ऊनच द्या, त्यासाठी ब्लीचची गरज नाही.

*शेवटची तपासणी:* वाळलेल्या पंच्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. पाच सेकंदांच्या आत शोषला गेला तर मेण निघालं. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर तीच धुलाई पुन्हा. गंजाचा डाग राहिला असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात तेवढाच भाग बुडवून ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

आता लांबी-रुंदी मोजा आणि मागावरच्या आकड्यांशेजारी नोंदवहीत लिहा: सुताचा लॉट, फणीचा नंबर, इंचाला पीक, मागावर किती इंच, धुतल्यावर किती. रुंदी २३ इंचांच्या आसपास यायला हवी. ताण्याची उरलेली वीत-वीत टोकं टाकू नका; खळ नसलेल्या कोऱ्या सुताच्या त्या टोकांच्या समईच्या वाती होतात, आणि खळ असलेली टोकं पुढच्या ताण्याच्या सुरुवातीचे ते दोन इंच विणायला उपयोगी पडतात.